हात मागे केल्यावर

वसतिगृह
२ जुलै

मावशी,

आधी बातमी, नमस्कार नंतर. मी रिलेत आले. रिझर्व्हमध्ये नाही, खऱ्या चौघींत. यादी लागली तेव्हा मी नाव खालून वाचायला सुरुवात केली, कारण खालीच असणार असं वाटलं होतं. सापडेना. रडायच्या बेतात असताना टाचणीने मान धरून वर वळवली, "आंधळे, वर बघ."

टाचणी म्हणजे माझ्या खोलीतली. इतकी बारीक आहे की आरशासमोर आडवी उभी राहिली तर आरसा रिकामा दिसतो. ती चौथी धावणार, मी तिसरी. पहिलीने धावत जाऊन दुसरीच्या हातात काठी द्यायची, दुसरीने माझ्या, मी टाचणीच्या. तिसरीला वळणावर पळायचं असतं. कोचबाई म्हणाल्या, वळणावर भिंगरीच हवी. माझं घरातलं नाव मैदानावर कसं पोचलं कुणास ठाऊक. आईनेच फोनवर रेक्टरबाईंना सांगितलं असणार.

एकच घोळ आहे. मला काठी नीट मिळत नाही. काल दोनदा खाली पडली. कोचबाई ओरडल्या, "काठीची सवय कर, झोपताना पण जवळ ठेव." पण काठ्या आहेत दोनच आणि सराव संपला की त्या कपाटात कुलपात.

आईला रविवारी ऑफिसातून फोन केला, रेक्टरबाईंच्या देखत. तिने आधी शाबास म्हटलं आणि त्याच श्वासात म्हणाली, "एक तक्रार आली ना तिकडून, की सामान बांधून घरी." तुला माहीतच आहे, ती नुसतं बोलत नाही. मावशी, मला तुम्ही सगळे हवे आहात, पण मला घरी यायचं नाही. मला पळायचंय. हे आईला कसं सांगायचं ते मला येत नाही, म्हणून तुला लिहिते. फोन कुलपात असले तरी इथे पत्र कुणी उघडत नाही.

तुझी,
भिंगरी

•

घरून
९ जुलै

भिंगरी,

तुझं पत्र आलं तेव्हा भांडी घासत होते. ओल्या हातांनीच फोडलं आणि "रिलेत आले" या शब्दांवर थेंब पडून शाई पसरली. शेजारीण म्हणाली, वाईट बातमी का हो? मी म्हटलं, पोरगी वर चढली, यादीत वर.

पण पुढे "काठी" वाचलं आणि भांडी तशीच सोडली. मला वाटलं, पळत नाहीस म्हणून काठी मिळते. आणि तू वर तक्रार करतेस की नीट मिळत नाही. तुझ्या काकांना म्हटलं, ही शाळा आहे का पोलीस चौकी? ते हसत सुटले, मग रद्दीतून एक फोटो काढून दाखवला. एवढीशी नळी ती. मी म्हटलं, अगंबाई, ही तर लाटण्याएवढी.

तोंडातून लाटणं निघालं आणि डोक्यात उजेड पडला. जुनं शिसवी लाटणं घेऊन कोपऱ्यावरच्या सुताराकडे गेले. म्हटलं, दोन्ही मुठी कापून द्या. तो म्हणाला, "बाई, मग लाटणार कशा?" म्हटलं, लाटायचं नाही, पळायचंय. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि पैसे घेतले नाहीत. डोकं फिरलेल्या बाईकडून काय घ्यायचे, असं वाटलं असेल. या पत्रासोबत पार्सल येतंय. आता झोपतानाही जवळ ठेव, कपाटाच्या किल्लीवाचून तुझं अडायला नको.

संध्याकाळी हिशेबाची वही लिहायला बसले तर टपालखर्च कुठे टाकू कळेना, स्वयंपाकघरात का शिक्षणात? काका म्हणाले, दळणवळणात टाक. आहेत ते असे.

आईचं मनावर घेऊ नकोस. ती हक्काने रागावते. आपल्यावर हक्काने रागावणारं माणूस मिळायला भाग्य लागतं, एवढं ध्यानात ठेव.

सकाळी देवापुढे बसले की हल्ली मी आधी तुझ्या पायांचं मागते, मग माझ्या गुडघ्यांचं.

मावशी

•

वसतिगृह
२८ जुलै

मावशी, मावशी, मावशी,

लाटणं पोचलं. पार्सल सगळ्यांसमोर उघडलं आणि खोलीत लोळून हसलो आम्ही. पण आता त्याच्याशिवाय कुणाचं चालत नाही. चौघी मिळून व्हरांड्यात सराव करतो. कोचबाईंनी हातात घेऊन वजन पाहिलं, म्हणाल्या, "खऱ्या काठीपेक्षा जड आहे, उत्तम." काल खरी काठी घेतली तर पिसासारखी वाटली.

आणि माझा घोळ सुटला. ऐक, तुला समजावते. घेणारीने मागे वळून बघायचंच नाही. ती पुढे बघत पळत सुटते. देणारी जवळ आली की ओरडते, "हात!" मग घेणारी हात मागे करते, तळवा उघडा, आणि हलवत नाही. मग, आणि मगच, देणारीने काठी ठेवायची. हात मागे आलेला नसताना कोंबली तर काठी पडते, दोघींचा वेग जातो, कधी कधी दोघी आपटतात. आणि मी काय करत होते, तर हात मागे करून काठी शोधत होते, अंधारात स्विच शोधल्यासारखी. कोचबाई रोज म्हणतात, "घाई कितीही असो, हात आल्याशिवाय काठी नाही." टाचणी आता जेवणाच्या टेबलावर मीठ मागितलं तरी "हात" म्हणते आणि मी तळवा उघडेपर्यंत देत नाही.

सप्टेंबरअखेर मोठी शर्यत आहे. तू मात्र येऊ नकोस हं. राग मानू नकोस, आईलाही तेच सांगितलंय. घरचं माणूस समोर दिसलं की माझे पाय पाण्यातल्यासारखे होतात.

आता दुसरी बातमी. ही फक्त तुला. अकरावीत एक लांब उडीवाला आहे. उडी मारतो तेव्हा वाटतं, हा आता खाली येणारच नाही. त्याने मला विचारलं आणि मी हो म्हटलं. म्हणजे आता आमचं आहे. इथे बऱ्याच जणांचं असतं. सराव संपला की पाण्याच्या टाकीपर्यंत बरोबर चालत जातो, बस एवढंच. त्याने मला त्याचं निळं जर्किन दिलंय, रोज घालायचं असं सांगितलंय, म्हणजे सगळ्यांना कळेल. घालते. उकडतं, पण घालते.

आणि गंमत सांगू? तू लिहिलंस ना, हक्काने रागावणारं माणूस. तो तस्सा आहे. मी दोनशे मीटरवाल्या मुलांशी हसले तर दोन दिवस बोलला नाही. मग म्हणाला, काळजी वाटते म्हणून. मी भाग्यवान ना?

आईला सांगू नकोस. शप्पथ.

भिंगरी

•

घरून
५ ऑगस्ट

भिंगरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं, मग उदबत्ती लावली, मग तिसऱ्यांदा वाचलं. चौदाव्या वर्षी मला कुणी विचारलं असतं तर मी पळत सुटले असते, आणि तुझ्याइतकी जोरात नक्कीच नाही. तू हो म्हणालीस. घाबरले, आणि खरं सांगते, थोडी गंमतही वाटली. लांब उडी म्हणजे पायात जोर हवा. बुटका नाही ना?

ओरडणार नाही. ओरडले तर पुढचं पत्र येणार नाही, आणि मला पुढचं पत्र हवंय. शप्पथ मात्र देत नाही. तुझ्या जिवाला काही होतंय असं दिसलं तर मी गप्प बसणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. तोवर माझ्या तोंडाला कुलूप.

तो तुला टाकीपर्यंत सोडायला येतो, काळजी करतो, हे वाचून बरं वाटलं. परक्या ठिकाणी कुणाचं तरी लक्ष असावं. फक्त एक सांग. तो रागावला की काय होतं, ते कळलं. तू रागावलीस की तो काय करतो?

आणि उकडत असेल तर जर्किन काढत जा. घामाने अंगावर पुरळ येईल.

काका विचारतायत, लाटणं परत मिळणार का? सांगितलं, आता ते देशसेवेला गेलं.

मावशी

•

वसतिगृह
२२ ऑगस्ट

मावशी,

लिहायला उशीर झाला. वेळच नव्हता.

तू विचारलंस, मी रागावले की तो काय करतो. मी रागावत नाही. त्याला आवडत नाही.

कदाचित मी रिले सोडेन. तो म्हणतो, तू एकटी जास्त चांगली पळशील, दुसऱ्यांच्या चुकांनी तुझं नाव का खराब करायचं. आणि रिलेवाल्यांना मुलांच्या संघाबरोबर एकाच बसने जावं लागतं, ते त्याला पटत नाही. बरोबर असेल त्याचं. टाचणी म्हणते, तो वेडा आहे. तिच्याशी मी सध्या बोलत नाही. तो म्हणतो, ती माझे कान भरते.

सरावाच्या वेळी तो पायऱ्यांवर बसून बघतो. मी कुणाशी किती बोलले हे नंतर विचारतो. कंटाळा येतो, पण तूच म्हणालीस ना, हक्काचं माणूस.

जर्किन काढलं होतं. परत घातलं.

भिंगरी

•

घरून
२६ ऑगस्ट

भिंगरी,

हे पत्र आज सकाळच्याच टपालाने टाकते. गॅसवर ठेवलेलं करपलं तर करपू दे, म्हणून बसलेय लिहायला.

तो शब्द मला परत दे. मी आईबद्दल लिहिलेला शब्द तू उचलून भलत्याच माणसाला लावलास, आणि मागच्या पत्रात मी तो तसाच राहू दिला, वर त्याची काळजी कौतुकाने वाचली.

आठव, मागच्या सुट्टीत आई तुझ्यावर रागावली, तू तिच्यावर दुप्पट रागावलीस, दार असं आपटलंस की भिंतीवरचं घड्याळ तिरकं झालं. मग काय झालं? जेवायला हाक आली. तुझ्या आवडीचं वाढलं होतं आणि कुणीच काही बोललं नाही. तू रागावलीस म्हणून आईने तुझी मैत्रीण तोडली नाही, तुझं पळणं तोडलं नाही. हक्क म्हणतात तो याला. तो दोन्हीकडून असतो. जिथे एकालाच रागावता येतं आणि दुसऱ्याने फक्त भ्यायचं, त्याला मी हक्क म्हणणार नाही. दुसरा शब्द मला सापडत नाही, पण हक्क नाही.

तुझ्या पहिल्या पत्रात "मला पळायचंय" होतं. या पत्रात तेवढंच नाही. त्याला काय पटतं, त्याला काय आवडतं, सगळं आहे. माझी भिंगरी कुठे आहे?

तो मुलगा वाईट आहे असं मी म्हणत नाही, मी त्याला पाहिलेलंही नाही. तू त्याला सोडावंस असाही हुकूम करत नाही. एवढंच कर. एकदा "नाही" म्हणून बघ. लहानशा गोष्टीला. जर्किनाला म्हण. चार माणसांच्या देखत म्हण, टाकीपाशी एकटी असताना नको. आणि तो काय करतो ते बघ. आणि टाचणीशी बोल.

मावशी

•

वसतिगृह
८ सप्टेंबर

प्रिय मावशी यांना साष्टांग नमस्कार,

(तिने नुसतं "मावशी" सांगितलं होतं, पण मी तुम्हाला ओळखत नाही म्हणून नमस्कार माझा. हे पत्र टाचणी लिहीत आहे. भिंगरीचा उजवा हात मुरगळला आहे, ती सांगतेय आणि मी लिहितेय.)

मावशी, काळजी करू नकोस, मी पडले. वळणावर पाय घसरला आणि मनगटावर आले. (वळणावर असं ती सांगते आहे.) डॉक्टरांनी पट्टा बांधलाय, हाड ठीक आहे. पंधरवड्यात बरं होईल. मी रिले सोडली नाहीये, ही चांगली बातमी. टाचणीशी बोलते आहे, हे तुला दिसतंच आहे. (तीन दिवसांपूर्वी सुरू केलं. त्याआधी मी भिंतीशी बोलत होते.) मध्ये मध्ये स्वतःचं घालू नकोस गं. (हे मला म्हणाली, तुम्हाला नाही.)

मी जर्किन परत दिलं. बाकी काही विशेष नाही. आईला हाताचं सांगू नकोस, ती लगेच न्यायला येईल. शर्यतीला थोडेच दिवस उरलेत. देवाला सांग, मनगट लवकर बरं कर म्हणावं.

तुझी भिंगरी (सही डाव्या हाताने केली आहे, म्हणून अशी दिसते.)

मावशी, आता ती तोंड धुवायला गेली आहे. ही ओळ तिला वाचून दाखवलेली नाही. ती पडली नाही. पाण्याच्या टाकीमागे त्याने हात पिरगळला. मी लांबून पाहिलं आणि ओरडत धावले, तेव्हा सोडला. तिने माझ्याकडून वचन घेतलंय की कुणाला सांगायचं नाही, कारण घरी नेतील आणि पळणं बंद होईल. वचन "कुणाला बोलायचं नाही" असं होतं, लिहायचं नाही असं नव्हतं. माझ्यावर रागावलात तरी चालेल.
टाचणी

•

घरून
१२ सप्टेंबर

भिंगरी,

हे बसून वाच. टाचणीला शेजारी बसव, आणि तिच्यावर रागवायचं असेल तर तो राग माझ्या नावावर मांड. तिने मला सांगितलं. तिच्यासारखी मैत्रीण मिळावी म्हणून मी देवापुढे वात लावीन.

मी सुरुवातीलाच लिहिलं होतं, तुझ्या जिवाला काही झालं तर गप्प बसणार नाही. नाही बसले. पत्र वाचलं आणि तासाभरात रेक्टरबाईंना फोन केला. त्यांना सगळं सांगितलं, टाकीचंसुद्धा. त्या म्हणाल्या, आजपासून तो तिच्या वाऱ्यालाही उभा राहणार नाही, ते माझ्यावर सोडा. त्यांचा आवाज खणखणीत आहे. मला आवडल्या.

मग ताईला, म्हणजे तुझ्या आईला, केला. तुझ्या पाठीमागे काही झालं असं वाटायला नको, म्हणून जसं बोलणं झालं तसं लिहिते.

ताई म्हणाली, "उद्याच जाऊन घेऊन येते तिला."

मी म्हटलं, "आणि त्याला?"

"त्याला काय?"

"तो तिथेच उड्या मारणार, आणि जिचा हात पिरगळला तिने घरी बसायचं. शिक्षा कुणाला झाली गं?"

"तू मला शिकवू नकोस. माझी मुलगी आहे."

"तुझीच आहे. म्हणूनच तुझ्यासारखी हट्टी आहे. मनगट सुजलंय तरी रिले सोडली नाही."

 ताईचा आवाज खाली आला. मग म्हणाली, "मला का नाही सांगितलं तिने?"

मी म्हटलं, "कारण तू उद्याच आणायला निघालीस."

ती रडली. मीही रडले. काकांनी दोघींच्या मध्ये फोनमध्ये तोंड घालून सांगितलं की बिल वाढतंय. शेवटी ठरलं ते असं. ताई तिथे येईल, तुझं ऐकेल, रेक्टरबाईंशी बोलेल आणि एकटी परत जाईल. तिने माझ्याजवळ कबूल केलंय, आणि मी तिच्याकडून दोनदा वदवून घेतलंय. तुझं पळणं थांबणार नाही. हा माझा शब्द.

तू मला विचारलं नव्हतंस तरी मी केलं. याबद्दल रागावायचा तुला हक्क आहे. पूर्ण. दार आपट, घड्याळ तिरकं होऊ दे. जेवायला हाक मी मारणारच.

आणि हे नीट वाच. तू जर्किन परत दिलंस. मी सांगितलं म्हणून दिलंस आणि हात पिरगळून घेतलास, हे माझ्या डोक्यातून जात नाही. पण चूक नाही म्हणण्यात नव्हती. चूक त्याच्या हाताची होती. तुझी तसूभरही नाही.

मावशी

•

वसतिगृह
१५ सप्टेंबर

तू सांगितलंस.
मी खूप रागावले आहे. डाव्या हाताने लिहिते आहे, म्हणून जास्त लिहीत नाही. नाहीतर खूप लिहिलं असतं.

•

वसतिगृह
२ ऑक्टोबर

मावशी,

उजव्या हाताने लिहिते आहे. अक्षर बघ, पळतंय.

आधी राग. तो टिकला आई येईपर्यंत. मी सामान बांधून पलंगाखाली ठेवलं होतं, मला वाटलं तू काहीही म्हण, ती नेणारच. ती आली, रेक्टरबाईंच्या खोलीत माझ्या शेजारी बसली.   पुन्हा पुन्हा माझ्या मनगटाच्या पट्ट्याची कड सरळ करत होती.

रेक्टरबाईंनी विचारलं, नक्की काय झालं ते तुझ्या शब्दांत सांग. मला सांगताच येईना. मला वाटत होतं की बोलले तर तो खूप वाईट ठरेल आणि तेवढा वाईट तो नाही, नंतर रडलाही होता. आणि मी हो म्हटलं होतं ना त्याला, मग आता तक्रार कशी करायची? हेच डोक्यात फिरत होतं. मग अचानक तोंडातून निघालं,

"बाई, मी हात मागे केलाच नव्हता."

आईला काही कळलं नाही. पण रेक्टरबाई तरुणपणी रिलेच धावायच्या, तुला माहीत होतं का? त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "एवढंच पुरे आहे. एकदा हात मागे केला म्हणजे दर वेळी केला असं नसतं. दर वेळी नवा हात लागतो." मग त्यांनी टेबलावरची पट्टी घेऊन आईला सगळं करून दाखवलं. आईने हात मागे केला, रेक्टरबाईंनी पट्टी दिली. आईने पहिल्यांदाच बरोबर केलं, मला दोन आठवडे लागले होते.

त्याच्या घरचे येऊन त्याला घेऊन गेले. या सत्रात तो मैदानावर नाही. पुढच्या सत्रात यायचं तर आधी समुपदेशकांकडे जायचं, आणि आला तरी सकाळच्या तुकडीत, आमच्या वेळेला नाही. मला मध्येच त्याचं वाईट वाटतं. टाचणी म्हणते वाटू दे, पण टाकीकडे जाऊ नकोस.

आई परत गेली. एकटी. बसमध्ये चढताना म्हणाली, "तुझ्या मावशीला म्हणावं, शब्द पाळला मी." आणि मग खिडकीतून ओरडली, "पळ चांगली." अख्ख्या स्टँडने बघितलं.

आता शर्यत. परवा झाली. पट्टा आदल्या आठवड्यात सुटला होता. मला इतकी धडधड होत होती की सुरुवातीच्या बंदुकीचा आवाजच ऐकू आला नाही. दुसरी वळणावर आली, "हात!" मी मागे केला, काठी तळव्यात बसली, टप्प. मनगट दुखेल वाटलं होतं, दुखलंच नाही. मग मला काही आठवत नाही, फक्त वळण, आणि मी, आणि वारा, आणि मी बाहेरच्या लेनमधली एक मुलगी मागे टाकली, मग दुसरी. टाचणी दिसली. सुटली. मी ओरडले, "हात!" पण पायऱ्यांवर एवढा गोंगाट होता की तिला ऐकूच गेलं नाही. हात आला नाही. आमच्या पुढे फक्त एक होती. वाटलं, कोंबावी. तिच्या खांद्याला लावावी, पकडेलच. नाही कोंबली. आणखी एकदा ओरडले, पोटातून. तेव्हा हात आला, आणि मी काठी दिली.

दुसऱ्या आलो. पुढचीच्या फक्त एका खांद्याने मागे. टाचणी म्हणाली, "माझ्यामुळे गेलं, मी ऐकलं नाही." कोचबाई म्हणाल्या, काठी पडली असती तर सहाव्या आला असता, आणि दोघींना एकदम मिठी मारली. त्या कधी मिठी मारत नाहीत. राज्याच्या शर्यतीला पहिले तीन संघ जातात. आपण चाललो, मावशी. डिसेंबरात.

रेक्टरबाईंनी शनिवारी सातवी-आठवीच्या सगळ्यांना बोलावलं होतं, मुलांनाही. कुणी आवडलं तर काय, कुणाला आपण आवडलो तर काय, कुणी फोन तपासायला मागितला तर, मैत्रिणी तोडायला सांगितल्या तर. मुलं आधी खिदळत होती. मग बाईंनी मला लाटणं घेऊन पुढे बोलावलं. त्या सगळ्यांना जोड्या करून व्हरांड्यात काठी द्यायला शिकवलं आम्ही, टाचणीने आणि मी. एक आठवीतला पोरगा सारखा कोंबत होता. पाचव्यांदा त्याला जमलं. इतका खूश झाला की सोडेचना, दिसेल त्याला "हात" म्हणत सुटला. शेवटी एका मुलीने सांगितलं, "नाही देत, जा." तो म्हणाला, "बरं." आणि गेला दुसरीकडे. मावशी, इतकं सोपं असतं ते. "बरं" म्हणायचं आणि जायचं.

लाटण्याला एक चीर गेली आहे. काकांना सांगू नकोस.

तुझी,
भिंगरी

•

घरून
७ ऑक्टोबर

भिंगरी,

पत्र घेऊन आधी देवापुढे गेले, मग सुताराकडे. त्याला तो शर्यतीचा भाग मोठ्याने वाचून दाखवला. दुकानात खुर्चीचे पाय न्यायला एक बाई आल्या होत्या, त्याही थांबल्या. "नाही कोंबली" इथे आले तेव्हा रंधा चालवायचा त्याचा हात थांबला. म्हणाला, बाई, चीर गेली असेल तर दुसरं करून देतो, या वेळी सागवानी. पैसे याही वेळी घेणार नाही म्हणाला, पण आता कारण वेगळं आहे.

काकांना चिरेचं सांगितलं नाही. त्यांनी पत्र उलटं धरून वाचलं, चिरेचं वाचलंच नाही असं दाखवायला.

एक मागायचंय. तू जन्मल्यापासून तुझ्या मागे धावले, पण तुला धावताना कधी पाहिलं नाही. तू म्हणाली होतीस, येऊ नकोस, घरचं माणूस दिसलं की पाय पाण्यातल्यासारखे होतात. ते मी विसरले नाही. म्हणून हक्काने येत नाही, विचारते. डिसेंबरात येऊ का? एकदम मागच्या पायरीवर बसेन, डोक्यावरून पदर घेईन, तोंडातून शब्द काढणार नाही. नाही म्हणालीस तर बरं म्हणेन आणि घरी बसून देवाला त्रास देईन.

ताईनेही विचारायला सांगितलंय. ती स्वतः लिहायला लाजते.

मावशी

•

वसतिगृह
११ ऑक्टोबर

मावशी,

हात मागे केलाय. या दोघी.

आणि मागच्या पायरीवर नाही, वळणावर बसा. पदराचं राहू दे. ओरडा.

भिंगरी